पाऊस लावून अभ्यास

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आडवा दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात एक महाल आहे. त्याचं नाव पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने तो बांधला. बंधारा सुमारे १७४ मीटर लांब आणि १९ मीटर उंच. मुख्य किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ यांना तो जोडतो. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडायला लागलं की किल्ल्यातल्या या बंधाऱ्यावरूनही पाणी उडी घेतं. सांडवे दोन, धारा दोन. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या दिवसांत सोलापूर, लातूरपासून हैदराबादपर्यंतची माणसं इथे लोटतात, आणि बहुतेक सगळी धबधब्यासमोर फोटो काढून परत फिरतात.

खरं तर थोडा वेळ महालातच थांबावं. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलं की उजेड एकदम कमी होतो, दगडाचा गारवा अंगाला लागतो. कमानीच्या खिडकीतून बाहेर पाहावं तर कोसळतं पाणी, आणि आत माणूस कोरडा. पहिली काही मिनिटं त्या आवाजापुढे दुसरं काही सुचत नाही. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. मग हळूहळू तो आवाज जाणवेनासा होतो. पलीकडच्या खिडकीपाशी गप्पा मारणारी माणसं दिसतात, त्यांचे हातवारे दिसतात, पण त्यांचा एकही शब्द पोचत नाही. चारशे वर्षांपूर्वीची ही खोली भर गर्दीतही माणसाला एकटं बसू देते.

हा बंधारा ज्याच्या राज्यात झाला तो इब्राहिम संगीताचा वेडा होता. १५८० ते १६२७ असं दीर्घ राज्य केलेल्या या सुलतानाने ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला, त्यात सरस्वती आणि गणपतीला वंदन केलं, आणि आपल्या लाडक्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असं नावही ठेवलं. पाणीमहालातल्या फारसी शिलालेखात मात्र गौरव आहे तो नजरेच्या सुखाचा : हे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, अशा आशयाचा. कानांना काय मिळतं ते खिडकीपाशी बसल्यावरच समजतं.

आज मराठवाड्यातल्या असंख्य मुलामुलींनी तशीच खोली आपल्या फोनमध्ये शोधली आहे. ‘पाऊस लावून बसतो,’ असं ती सहज म्हणतात. यूट्यूबवर आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओ असतात. पडदा काळा आणि आवाज फक्त पावसाचा. कुणाला खिडकीच्या काचेवरचा हवा असतो, कुणाला पत्र्यावरचा, कुणाला जंगलातला. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली घेऊन राहिलेली पोरं, पुण्यात सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत एमपीएससीच्या अभ्यासिकांमध्ये बसणारी आपल्याच भागातली मुलं, धाराशिव आणि तुळजापूरच्या छोट्या अभ्यासिका, सगळीकडे हे आता रुळलं आहे. प्लायवूडच्या आडोशांनी केलेला कप्पा, वर एक दिवा, चार्जिंगचा प्लग, पाण्याची बाटली आणि कानात पाऊस.

हे खूळ आजचं नाही. न्यूयॉर्कच्या अर्व टायबेल या ध्वनिमुद्रकाने १९६९ साली समुद्राच्या गाजेची अख्खी तबकडी काढली, पुढे वादळी पावसाचीही काढली. तबकडी दर अर्ध्या तासाने उलटावी लागे. फोनने तेवढी अडचण संपवली. पण आपल्याकडे या पावसाची गरज निराळ्या कारणाने आहे, आणि ते कारण पाहायचं तर आधी आपली घरं पाहावी लागतात.

नळदुर्गसारख्या गावात दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसं राहतात. एका खोलीत टीव्हीवर मालिका, दुसरीत चुलीचा किंवा गॅसचा संसार. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं भांडण. सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच, तिथल्या ट्रकचे हॉर्न रात्रभर. लग्नसराईत बँड आणि डीजे. पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाची मोठी यात्रा भरते, लाखो भाविक येतात, आणि बारावीची परीक्षा तेव्हा अगदी महिन्याभरावर आलेली असते. यात्रा हवीच, ती गावाचा श्वास आहे. पण त्या आठवड्यात ज्याला सेंद्रिय रसायनशास्त्र वाचायचं आहे त्याने जायचं कुठे? वाडा असलेल्यांना माडी होती. बाकीच्यांना शेतातली खोप होती, देवळाच्या ओवरीचा कोपरा होता. आता रस्त्यावरच्या दिव्याखालीही शांतता उरलेली नाही.

या सगळ्या आवाजांत अभ्यासाचा सगळ्यात मोठा वैरी कोणता, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं आहे. तो ट्रक नव्हे. तो माणसाचं बोलणं. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोन संशोधकांनी अक्षरांची यादी लक्षात ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जर्मन भाषेतला उतारा घातला. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हतं, त्यांना तिकडे दुर्लक्ष करायला सांगितलं होतं, तरीही त्यांच्या चुका वाढल्या. पुढे १९८२ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी हेच आकड्यांच्या यादीवर पडताळलं. बोलण्याने स्मरण बिघडतं, एकसुरी गोंगाटाने तसं बिघडत नाही. कारण यादी लक्षात ठेवताना आपण ती मनातल्या मनात घोळत असतो आणि बाहेरचं बोलणं, ते अर्थासकट कळो न कळो, त्याच वाटेने आत घुसतं. म्हणून आजीच्या खोकल्यापेक्षा आत्याचं फोनवरचं बोलणं जास्त नडतं. अभ्यासिकेतही तेच. पंखा कितीही खडखडू दे, मन मोडतं ते शेजारच्या कप्प्यातल्या कुजबुजत्या पाठांतराने.

पावसाचं काम इथे सुरू होतं. त्याच्या आवाजात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळे स्वर एकाच वेळी मिसळलेले असतात, आणि कुठलाही एक स्वर वर येऊन लक्ष वेधत नाही. बोलण्याची ओळख पटते ती ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशा बारीक, क्षणिक आवाजांवरून. पाऊस नेमके तेच बुडवतो. बोलणं बंद होत नाही, त्याचे शब्द उरत नाहीत, आणि शब्द उरले नाहीत की मन त्यामागे धावत नाही.

मुळात पावसाचा आवाज येतो कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. थेंब आपटला की आवाज होतो एवढंच आपण धरून चालतो. शास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ साली वाहत्या पाण्याचा आवाज त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांतून येतो हे गणिताने मांडलं. बुडबुडा आकसतो, फुगतो, पुन्हा आकसतो आणि घंटेसारखा वाजतो. जितका लहान तितका सूर चढा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण ३,३०० वेळा कंप पावतो. पुढे १९८०च्या दशकात तळ्यात पडणाऱ्या पावसाचं पाण्याखालून ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा दिसलं की जेमतेम एक मिलिमीटरचा बारीक थेंब पाण्यात घुसताना एक इवला बुडबुडा कोंडतो आणि तो १४-१५ हजार कंपनांच्या अतिशय चढ्या सुरात वाजतो. नळदुर्गच्या नर-मादीतही हेच घडत असतं. खालच्या डोहात कोट्यवधी लहान-मोठे बुडबुडे आपापल्या सुरात वाजतात आणि आपल्याला एकच अखंड घोष ऐकू येतो.

जमिनीवरच्या पावसाचा आवाज मात्र छप्पर ठरवतं, आणि इथे मराठवाड्याचा स्वतःचा इतिहास आहे. आपली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर किलचण, त्यावर हात-दोन हात पांढऱ्या मातीचा थर. त्या मातीवर पाऊस पडला तरी आत चाहूल लागत नसे. सवण्यातून वारा आला, पन्हाळीतून धार अंगणात पडू लागली की कळायचं. रात्रभर झड लागली तर काळजी गळतीची. कोपऱ्यात घमेलं ठेवायचं, सकाळी वर जाऊन माती दाबायची.

३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि सास्तूरचा परिसर भूकंपाने हादरला. जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यांतली कितीतरी त्या जड माळवदांखाली. त्यानंतर या भागात माणसं मातीच्या छताखाली झोपायला धजावेनात. पडलेल्या गावांमध्ये पत्र्याचे तात्पुरते निवारे उभे राहिले आणि लोक त्यात दीर्घकाळ राहिले. पत्र्यावरचा पाऊस या भागाच्या कानात असा शिरला. भूकंपानंतर लगेच आलेल्या पावसाने बचावाचं कामही अवघड केलं होतं. ज्या पिढीने ते दिवस पाहिले तिला पत्र्यावर ताडताड पडणारे थेंब ऐकून झोप येईल, असं गृहीत धरू नये. त्यांच्या नातवंडांना तोच आवाज मन शांत करणारा म्हणून फोनवर मिळतो. दोघांचंही खरं आहे.

पत्र्याची दुसरी बाजू शाळेत दिसते. पत्र्याच्या वर्गात जोराचा पाऊस आला की गुरुजींचं शिकवणं थांबतं. फळ्यावर लिहून द्यायचं आणि पाऊस ओसरेपर्यंत वाट पाहायची. शेजाऱ्याचं बोलणं झाकणारा आवाज शिक्षकाचं बोलणंही तितक्याच निगुतीने झाकतो. म्हणजे एकट्याने गणितं सोडवताना पाऊस कामाचा, आणि कुणाकडून काही शिकून घेताना तोच अडसर. तासाचं रेकॉर्डिंग ऐकताना मागे पाऊस लावणारी मुलं आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग पावसाने अभ्यास खरोखर सुधारतो का? इटलीतल्या मिलानो-बिकोका विद्यापीठात अलिचे मादो प्रोव्हेर्बिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नेमका हाच प्रश्न घेतला. ५० विद्यार्थी, सोपी आणि अवघड मिळून १८० गणितं. कधी शांततेत, कधी शास्त्रीय संगीत ऐकत, कधी मुसळधार पावसाचा आवाज ऐकत. सोप्या गणितांत काही फरक पडला नाही. अवघड गणितांत मात्र शांततेत चुका जास्त झाल्या आणि वेळही जास्त लागला. फायदा मुख्यतः बहिर्मुख, माणसांत रमणाऱ्या विद्यार्थ्यांना झाला. एरवी ते अंतर्मुख विद्यार्थ्यांपेक्षा मागे पडत. पावसात त्यांच्या बरोबरीला आले. संशोधकांचा अंदाज असा की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जागा असतो, बहिर्मुखाला थोडं बाहेरून ढोसावं लागतं.

पण यावरून पाऊस म्हणजे बुद्धीचं टॉनिक असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये. स्वीडनमध्ये सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अवधान टिकवण्याची अडचण असलेल्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांवर प्रयोग केला. एकसुरी गोंगाटात त्या मुलांचं स्मरण सुधारलं, पण ज्यांना ती अडचण नव्हती त्यांचं घसरलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या संशोधकांनी अशा १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष तोच निघाला : लक्ष विचलित होण्याची अडचण असलेल्यांना थोडा फायदा, इतरांना थोडा तोटा. ते प्रयोग सपाट, यंत्राने केलेल्या गोंगाटाचे होते, प्रत्यक्ष पावसाचे नव्हते. तरी इशारा पुरेसा आहे. ज्याला शांत खोली मिळते आणि शांततेत ज्याचं मन लागतं, त्याने कानात पाऊस ओतायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर पाऊस अभ्यास करून देत नाही. तो घरातलं बोलणं बाहेर ठेवतो, आणि आपल्या मुलांना आज तेवढ्याचीच सगळ्यात जास्त निकड आहे.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत दिसत नाही, ती आपल्या भागात दिसते. पार्श्वभूमीला ठेवायचा आवाज निरर्थक असावा लागतो. त्यातून काही कळायला लागलं की तो पार्श्वभूमीला राहत नाही. शेतकऱ्याच्या घरात पाऊस निरर्थक कधी होता? वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा, तोही खंड पाडत पडणारा हा पाऊस. मृगात आला तर पेरणी, आर्द्रा कोरडी गेली तर दुबार पेरणीची धास्ती. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आणि २०२५च्या सप्टेंबरात याच धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्याकडे, सीनेला पूर येऊन उभं सोयाबीन, घरं आणि जनावरं वाहून गेली. त्या आठवड्यात पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या परंड्याच्या मुलाच्या कानात पाऊस लावला, तर त्याला त्यात काय ऐकू येणार? त्याला गावाकडचा फोन ऐकू येणार. अशा वेळी पंख्याचा आवाज लावावा, रेल्वेचा लावावा, चक्कीचा लावावा. कामाचा गुण एकसुरेपणात आहे, पाण्यात नाही.

आपल्याकडे अभ्यासाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. त्या सगळ्या महिन्यांत इथे आभाळातून क्वचितच थेंब पडतो. बोरीची धार आटते, नर-मादी मुकी होतात, पाणीमहालातून समोर कोरडे खडक दिसतात. फोनमधला पाऊस तेव्हाच सर्वांत जास्त वाजतो.

जी मुलं तो वाजवतात त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. आवाज जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा. शेजारचे शब्द कळेनासे झाले की तिथेच थांबावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून जास्त ऐकू नये. रोज दहा तास बसणारा विद्यार्थी आठवड्याला ७० तास कानात काही ना काही घालून असतो, म्हणजे त्याला यापेक्षा खालीच राहायला हवं. मेघगर्जनेचा पाऊस निवडू नये. गडगडाट आला की मान वर होतेच. व्हिडिओ थेट चालवण्याऐवजी आवाज आधी उतरवून घ्यावा, कारण मधेच येणारी जाहिरात म्हणजे पुन्हा माणसाचं बोलणं, आणि तेही मोठ्याने. उतरवून झाल्यावर फोन विमान मोडवर टाकून पाठीमागच्या पिशवीत ठेवावा.

परीक्षा मात्र पावसात होत नाही. आयोवा राज्य विद्यापीठात १९९८ साली ग्रँट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला, काहींना शांततेत, काहींना उपाहारगृहाच्या गलक्यात. नंतर चाचणी घेतली, तीही दोन्ही प्रकारे. जिथे वाचन आणि चाचणी सारख्याच वातावरणात झाली तिथे उत्तरं जास्त चांगली आली. म्हणून सराव प्रश्नपत्रिका सोडवताना कानातलं काढावं. परीक्षेच्या खोलीत पंखा असतो, पर्यवेक्षकाच्या चपला असतात, पुढच्या बाकावरचा खोकतो. त्याची सवय आधीच व्हायला हवी.

हे झालं मुलांनी करायचं. पण ज्या खोलीसाठी ती फोनमध्ये पाऊस शोधतात ती खोली देणं गावाचं काम आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. नियम पाळले गेले तर निम्मा पाऊस बंद करता येईल. आणि महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यापासून उभं राहिलेलं सार्वजनिक ग्रंथालयांचं मोठं जाळं आहे, आज अकरा हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालयं आहेत. त्यांतली कितीतरी संध्याकाळी दोन-तीन तास उघडतात, वर्तमानपत्रं चाळून होतात आणि कुलूप लागतं. नेमकं तेव्हा मुलीला घरातली भांडी आवरून अभ्यासाला बसायचं असतं. शहरातल्या अभ्यासिकेचं महिन्याचं शुल्क प्रत्येकाला परवडत नाही, आणि मुलींना रात्री तिथवर पाठवायला घरचे कचरतात. गावातल्याच ग्रंथालयाची एक खोली, तिला दार, दोन ट्यूबलाइट, दहा खुर्च्या, आत कुणी बोलायचं नाही एवढा एकच नियम आणि परतताना मुलींसोबत जाणारी एखादी जबाबदार बाई. याला मोठा निधी लागत नाही.

दिवाळी संपली की परीक्षांची तयारी सुरू होते. तुमच्या गावच्या ग्रंथालयाच्या किंवा ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत डिसेंबर ते मे ही खोली रात्री अकरापर्यंत उघडी ठेवण्याचा ठराव मांडा, आणि किल्ली कुणाकडे राहील ते त्याच बैठकीत ठरवून घ्या.